नरक्याची साल, ‘अमृता’ हे नाव आणि कर्करोग : पुरावा नेमका कशाचा आहे?

रंकाळाकाठ
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझे थोरले काका भुदरगड तालुक्यात राहतात, वय ६३. दोन महिन्यांपूर्वी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, परंतु यकृतातही गाठी आढळल्यामुळे पुढच्या आठवड्यापासून कोल्हापुरात केमोथेरपी सुरू होणार आहे.

काल गावी गेलो तेव्हा चुलीशेजारी एक पोतडी दिसली. तिच्यात बोटभर लांबीचे पांढुरके-पिवळसर लाकडाचे तुकडे आणि साल होती. आत हात घातला तर माल ओलसर लागला आणि काही तुकड्यांवर बुरशीचे करडे ठिपके आलेले होते. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने ती काकूंना दिली. त्याचे सांगणे असे की हिला अमृता म्हणतात, नरक्या हे तिचेच दुसरे नाव, परदेशी कंपन्या हिच्यापासूनच कॅन्सरचे औषध करतात, मग आपल्या डोंगरातली मूळ वस्तू सोडून महागड्या सुया कशाला टोचून घ्यायच्या? मूठभर तुकडे आठ पेले पाण्यात घालायचे, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, एक पेला उरेपर्यंत आटवायचे आणि अनशापोटी प्यायचे, अशी कृतीही त्याने सांगितली आहे. काकूंनी त्यासाठी नवे पातेले आणून ठेवले आहे.

काकूंचा विश्वास मला हसण्यावारी न्यायचा नाही. मला मनापासून जाणून घ्यायचे आहे की या झाडाबद्दल शास्त्रीय पुरावा काय आहे, तो किती पक्का आहे, आणि तो या काढ्याला लागू पडतो का.

---

देवराई
सोमवार, रात्री १०.१५

झाडाविषयी मी सांगू शकतो, कारण आजरा-चंदगड भागातल्या रानांत वीस वर्षे हिंडतो आहे. नरक्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत ते मॅपिया फेटिडा असे सापडते. त्यातल्या ‘फेटिडा’चा अर्थच दुर्गंधी असा आहे, आणि पावसाळ्यात फुले आली की झाड दिसण्याआधी त्याचा वास पोचतो. फार मोठा वृक्ष नव्हे, दोन-तीन पुरुष उंचीचे लहान झाड. फळ आधी हिरवे, पिकल्यावर जांभळट काळे होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या दमट रानांत, म्हणजे राधानगरी, आंबा घाट, गगनबावडा, तिलारी या पट्ट्यात ते आढळते.

पोतडीतले तुकडे खरोखर नरक्याचेच आहेत की नाहीत, हे केवळ लाकूड पाहून मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पाने, फुले, फळे यांपैकी काहीच नसताना कोणत्याही झाडाचे सुटे तुकडे ओळखणे कठीण असते. तुमच्या काकूंच्या बाबतीत पहिला प्रश्न इथेच उभा राहतो.

---

मातीतला_माणूस
सोमवार, रात्री १०.५०

बाजारातल्या माणसाचे म्हणणे मला पूर्णपणे खोटे वाटत नाही. नरक्या आपल्या डोंगरातून ट्रकच्या ट्रक भरून बाहेर गेला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. झाडात काही नसते तर चोरून तोडणाऱ्यांनी एवढा धोका कशाला पत्करला असता? आपली वस्तू बाहेर न्यायची, तिच्यावर शिक्का मारायचा, ती आपल्यालाच हजारो रुपयांना विकायची आणि गावातल्या बाईने तीच वस्तू उकळून पाजली तर तिला अडाणी म्हणायचे, हा न्याय मला पटत नाही.

---

खलबत्ता
मंगळवार, सकाळी ७.२०

मी अनेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मातीतला_माणूस यांचा राग मी समजू शकतो आणि त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग खराही आहे. उरलेला अर्धा भाग मात्र रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

नरक्यातल्या त्या द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. ते प्रथम सापडले ते कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी झाडात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो वनस्पतींचे अर्क तपासण्याची मोहीम चालवली होती. तिच्यातून नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. यातले वाणी हे आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठात शिकलेला हा माणूस पुढे टॅक्सॉलच्याही शोधाचा भागीदार झाला. कर्करोगाच्या औषधांच्या दोन मोठ्या घराण्यांच्या मुळाशी एका खानदेशी माणसाचे हात आहेत, याचा मला आजही अभिमान वाटतो आणि हे नाव आपल्या शाळांत माहीत नाही याचे वाईटही वाटते.

पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. चांगले प्रमाण म्हणजे तरी किती? सुक्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ०.१ ते ०.३ टक्के. हजार किलो लाकडातून एक ते तीन किलो. मातीतला_माणूस यांनी सांगितलेल्या ट्रकांचे कारण यातच आहे.

आता रंकाळाकाठ यांच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे १९७० च्या सुमारास त्याचे विरघळणारे सोडियमक्षार रूप तयार करून ते रुग्णांना देण्यात आले. थोड्या रुग्णांच्या गाठी कमी झाल्या, परंतु मूत्राशयातून रक्तस्राव, तीव्र जुलाब आणि रक्तपेशींची मोठी घट असे परिणाम दिसल्यामुळे त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. कारण नंतर कळले. या रेणूत एक कडे असते. ते मिटलेले असेल तरच द्रव्य प्रभावी ठरते. अल्कधर्मी पाण्यात ते उघडते आणि द्रव्य विरघळते, आम्लधर्मी जागी ते पुन्हा मिटते. लघवी आम्लधर्मी असल्यामुळे मूत्राशयात कडे पुन्हा मिटत होते आणि तिथले अस्तर सोलवटून निघत होते.

काकूंना सांगितलेल्या कृतीतला चिमूटभर सोडा वाचून मी क्षणभर थांबलो. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि जे द्रव्य एरवी लाकडातच राहिले असते ते अधिक प्रमाणात काढ्यात उतरू शकते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या रूपामुळे चाचण्या बंद पडल्या, त्याच रूपाच्या दिशेने ही कृती जाते, आणि तीही कोणतेही मोजमाप न करता.

---

पेठेतली_सून
मंगळवार, सकाळी ८.०५

सर, माहिती फार चांगली आहे, पण घरात रुग्ण असलेल्या माणसाला दोन ओळींचे उत्तर हवे असते. हे औषध आहे की नाही?

---

खलबत्ता
मंगळवार, सकाळी ८.३०

ताई, या द्रव्यात फेरफार करून बनवलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेली आहेत. दोघांनाही अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. साल उकळून केलेल्या काढ्यामागे असा कोणताही पुरावा नाही, धोका मात्र खराखुरा आहे, म्हणून तो देऊ नये.

---

कषाय
मंगळवार, दुपारी १.१०

मी आयुर्वेदाची पदवीधर असून राजारामपुरीजवळ चिकित्सालय चालवते. मला ‘अमृता’ या नावाबद्दल बोलणे अत्यंत आवश्यक वाटते, कारण याच आठवड्यात एका आजोबांनी मला विचारले की अमृता चालेल का, आणि त्यांच्या मनात गुळवेल होती.

आमच्या शास्त्रात अमृता म्हणजे गुडूची, म्हणजेच गुळवेल. नरक्याला व्यापाऱ्यांच्या बोलण्यात हेच नाव आहे. वेल आणि झाड, दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, परंतु नाव एक असल्यामुळे एखाद्याने वैद्याने लिहिलेली अमृता घ्यायला जावे आणि हाती नरक्याचे तुकडे पडावेत, हे सहज घडू शकते. अमृता हे नाव ऐकले की आपले मन आधीच निर्धास्त होते, त्यामुळे ही गल्लत अधिकच घातक ठरते.

गुळवेलीच्या बाबतीतही ओळखीचा प्रश्न आहेच. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची खात्रीशीर ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे मी इथे ठरवत नाही; परंतु ज्या वेलीला आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो तिच्याबद्दल असा वाद होतो, तर पोतडीतल्या बुरशी आलेल्या तुकड्यांवर आपण विश्वास कसा ठेवायचा?

मातीतला_माणूस यांना मी आदराने सांगेन की आमची परंपराही ‘मूळ वस्तू थेट घ्या’ असे शिकवत नाही. बिब्बा, बचनाग, कुचला ही द्रव्ये औषधात येतात ती शोधन करून, मात्रा ठरवून. माझ्या गुरूंनी पहिल्या वर्षी बचनागाचा तुकडा हातात दिला आणि लगेच परत घेऊन हात धुवायला पाठवले होते. विषारी द्रव्याला मात्रेशिवाय हात लावायचा नाही, हे मी तेव्हापासून विसरलेली नाही.

---

मातीतला_माणूस
मंगळवार, दुपारी ३.४५

वैद्यताई, तुमचा मुद्दा मान्य. परंतु लोकांचे ज्ञान काहीच नव्हते असे मात्र म्हणू नये. माझे आजोबा मधुमेहासाठी रोज सकाळी सदाफुलीची पाने चावत असत, आणि सदाफुलीतून कर्करोगाचे औषध निघाले हे तर सर्वांना ठाऊक आहे. लोक आधी वापरतात, शास्त्र मागून येते.

---

प्रयोगवही
मंगळवार, सायंकाळी ६.३०

सदाफुलीचे उदाहरण आपण दिलेत हे फार बरे झाले, कारण ते नीट पाहिले तर चाचणी का हवी हे त्यातूनच कळते.

मादागास्करची ही वनस्पती जगभर पसरली आणि अनेक देशांत मधुमेहावर तिचा चहा घेतला जाऊ लागला. जमैकातून आलेल्या पानांचा अर्क कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांवर तपासला. साखर काही कमी झाली नाही. उलट उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशीच कमी करणारे हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, हे त्या दोघांनी ओळखले, आणि १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिनची माहिती पुढे आली. पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आले; लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात ते आजही वापरले जाते.

म्हणजे लोकांनी वनस्पतीकडे लक्ष वेधले ही गोष्ट खरी आणि मोलाची आहे, परंतु ज्या कामासाठी ती घेतली जात होती ते काम वेगळेच होते आणि तिचा धोका घेणाऱ्यांना दिसत नव्हता. आपल्या आजोबांना काही झाले नाही याचा मला आनंदच आहे. पानांतले हे द्रव्य अत्यल्प असते, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

आणखी एक गोष्ट मी प्रयोगशाळेत काम करताना रोज पाहतो. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर अर्क टाकला आणि त्या मेल्या, की ‘अमुक वनस्पतीत कर्करोगविरोधी गुणधर्म’ अशी बातमी होते. ताटलीतल्या पेशी मारणे मुळीच अवघड नाही. मीठ जास्त झाले तरी त्या मरतात. त्यानंतर प्राणी, मग थोडी माणसे, मग शेकडो माणसे, आणि त्यातही अर्ध्यांना औषध व अर्ध्यांना प्रचलित उपचार अशी तुलना, हा सगळा चढ चढून गेलेली द्रव्ये फार थोडी. कॅम्प्टोथेसिन स्वतः त्या चढावर कोसळले. त्याची सुधारलेली लेकरे वर पोचली.

---

शुश्रूषा
मंगळवार, रात्री ९.००

मी केमोथेरपी विभागात परिचारिका आहे. रंकाळाकाठ दादा, काकांच्या कागदावर कोणती औषधे लिहिली आहेत ते कृपया पाहून सांगता का? हा प्रश्न तातडीचा आहे.

---

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री ९.३५

चुलतभावाला फोन करून कागदाचा फोटो मागवला. फ्लुरोयुरासिल, ल्युकोव्होरिन आणि आयरिनोटेकॅन. दर पंधरवड्याला एकदा.

आता वरचे प्रतिसाद पुन्हा वाचतो आहे आणि आयरिनोटेकॅन या शब्दापाशी थांबलो आहे.

---

शुश्रूषा
मंगळवार, रात्री १०.०५

हो दादा, मला तीच शंका होती. काकांना जे औषध सलाईनमधून दिले जाणार आहे, ते नरक्यातल्या द्रव्याचेच सुधारलेले रूप आहे. काकूंनी काढा सुरू केला तर एकाच घराण्याची दोन औषधे, एक मोजलेले आणि एक न मोजलेले, एकाच शरीरात जातील.

आयरिनोटेकॅनचा सर्वांत त्रासदायक परिणाम म्हणजे जुलाब. काहींना सलाईन चालू असतानाच घाम, पोटात कळा, तोंडाला पाणी सुटणे असे होते. त्यावर लगेच इंजेक्शन देता येते. दुसरा जुलाब काही दिवसांनी घरी असताना सुरू होतो आणि तो अंगावर काढला तर माणूस पाण्याअभावी खचतो. त्याच सुमारास पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. डॉक्टर प्रत्येक फेरीआधी रक्त तपासतात आणि पेशी कमी असतील तर मात्रा घटवतात किंवा फेरी पुढे ढकलतात. काही माणसांच्या शरीरात हे औषध निकामी करणारे विकर जन्मतःच मंद असते. त्यांना नेहमीची मात्राही जड जाते.

एका घराने असाच कोणता तरी काढा आमच्यापासून लपवून दिला होता. आजी चौथ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांची जीभ कोरडी लाकडासारखी झाली होती आणि हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आम्ही औषधाची मात्रा चुकली का म्हणून दोन दिवस सगळे कागद तपासत राहिलो. त्या वाचल्या, परंतु पुढची फेरी महिनाभर लांबली. मुलगा नंतर म्हणाला, तुम्ही रागवाल म्हणून सांगितले नाही. त्या वाक्याने मला रडू आले, कारण आम्ही कधी तरी कोणावर रागावलो असणारच, त्याशिवाय ही भीती येत नाही. म्हणून सर्वांना हात जोडून सांगते : काढा, चूर्ण, अंगारा, जे काही घरी चालू असेल ते आम्हाला सांगा.

---

पेठेतली_सून
मंगळवार, रात्री १०.४०

माझ्या सासऱ्यांना हेच औषध चालू होते. पहिल्या दोन फेऱ्यांना खूप त्रास झाला, तिसऱ्या फेरीपासून मात्रा थोडी कमी केल्यावर निभावले. जुलाबाच्या गोळ्या उशाशी ठेवलेल्या असत आणि किती वेळा जावे लागले ते मी कॅलेंडरवर रेघा मारून लिहीत असे. डॉक्टरांना तीच नोंद सर्वांत उपयोगी पडली. त्यांनी आणखी सव्वा वर्ष काढले आणि त्यात नातीचे बारसे पाहिले.

---

खलबत्ता
बुधवार, सकाळी ७.१०

सव्वा वर्षाचा उल्लेख वाचून एक आकडेवारी सांगावीशी वाटली, कारण रंकाळाकाठ यांनी पुरावा किती पक्का आहे असे विचारले होते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेला आहे आणि आधीचे फ्लुरोयुरासिल निरुपयोगी ठरले आहे, अशा २७९ रुग्णांवरच्या एका चाचणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आयरिनोटेकॅन आणि आधारभूत उपचार, उरलेल्यांना केवळ आधारभूत उपचार असे ठरवण्यात आले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले होते. एका वर्षानंतर पहिल्या गटातले सुमारे ३६ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले सुमारे १४ टक्के. पसरलेल्या रोगात हे औषध बहुतेकांना कायमचे बरे करत नाही, हे यातून उघड दिसते; परंतु ते आयुष्य वाढवते हे त्याच आकड्यांतून निर्विवादपणे सिद्ध होते. पुरावा म्हणतो तो असा. बाजारातल्या माणसाला विचारा की तुमचा काढा घेतलेल्या शंभरांपैकी वर्षाने किती जण होते आणि न घेतलेल्या शंभरांपैकी किती, तर त्याने ते मोजलेलेच नसते.

मातीतला_माणूस यांनी किमतीचा विषय काढला होता, म्हणून हेही नोंदवतो की आयरिनोटेकॅन आता जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि २०२२ च्या आपल्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश झाला आहे, त्यामुळे त्याची किंमत सरकारी नियंत्रणाखाली येते.

---

प्रयोगवही
बुधवार, दुपारी १२.२०

हे द्रव्य पेशीत नेमके काय करते ते सांगितले तर जुलाब आणि पांढऱ्या पेशी यांचा संबंध उलगडेल.

दोन पदरी कासरा मधूनच उलगडायला घेतला तर पुढचा पीळ अधिकाधिक घट्ट बसत जातो. पेशी विभागताना डीएनएचे दोन पदर असेच वेगळे करावे लागतात आणि तसाच पीळ साठतो. टोपोआयसोमरेज नावाचे विकर एक पदर कापते, पीळ सुटू देते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी जाऊन बसते आणि सांधू देत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन तिथे आदळली की दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. ही गोष्ट १९८५ मध्ये स्पष्ट झाली आणि बाजूला पडलेल्या या द्रव्याकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले. कर्करोगाच्या पेशी सतत विभागतात म्हणून त्या मरतात. परंतु आतड्याचे अस्तर आणि हाडातला मगजही सतत विभागत असतो, त्यामुळे मार त्यांनाही बसतो. काढ्याला यातला भेद कळत नाही.

मग नरक्याचे झाड स्वतः कसे जगते? या द्रव्याची निर्मिती करणाऱ्या वनस्पतींत त्या विकराच्या रचनेतच एक लहानसा बदल झालेला आढळला, त्यामुळे द्रव्य तिथे बसूच शकत नाही. हा शोध २००८ मधला. विलक्षण गोष्ट अशी की औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कर्करोगपेशींत तोच बदल आधी सापडलेला होता. मी हे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

शिवाय संशोधन थांबलेले नाही. याच घराण्यातला रेणू प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीपर्यंत पोचवणारे एक औषध स्तनाच्या कर्करोगासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

---

करुळघाट
बुधवार, सायंकाळी ५.५०

गगनबावड्याकडे माझे घर आहे. औषधाचे मला कळत नाही, परंतु झाडाचे कळते. लहानपणी ज्या ओढ्याकाठी नरक्याची आठ-दहा झाडे होती तिथे मागच्या वर्षी फक्त बुंधे दिसले. जमिनीपासून वीतभर ठेवून तोडले असते तर धुमारे फुटले असते. इथे मुळांच्या सालीसाठी जमीन उकरून मुळे ओढून काढली होती. खड्ड्यात पावसाचे पाणी साचलेले होते आणि कडेला लाकडाचे पांढुरके ढलपे पडलेले होते. रंकाळाकाठ यांनी पोतडीतल्या तुकड्यांचे जे वर्णन केले आहे, तसेच.

राधानगरीचे अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसास्थळांत आहे, याचा आपण सर्व अभिमान बाळगतो. त्याच डोंगररांगेतले झाड कोणाच्या काढ्यासाठी मुळासकट निघाले आणि त्या काढ्याने कोणाचे भले होणार नाही, हे वाचून मन विषण्ण झाले.

---

देवराई
बुधवार, रात्री ८.१५

करुळघाट, आपले दुःख मलाही जाणवते. जंगलातून चोरून तोडणे हा गुन्हा आहेच, परंतु मागणी असेपर्यंत तोड थांबत नाही. म्हणून दुसरे मार्ग शोधणारे संशोधन मला महत्त्वाचे वाटते. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी वेगळी केली आणि ती स्वतंत्रपणे हे द्रव्य बनवते असे दाखवले. अडचण अशी आहे की अशा बुरश्या प्रयोगशाळेत पिढ्या वाढवत नेल्या की त्यांची ही क्षमता मंदावते, म्हणून कारखान्यात टाक्या भरून उत्पादन घेणे अजून साधलेले नाही. लागवड हा दुसरा मार्ग. बी रुजायला वेळ लागतो, पण रुजते.

---

रंकाळाकाठ
शनिवार, रात्री ९.२०

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. काल गावी जाऊन आलो.

काकूंना मी आधी काढा वाईट असे म्हटले नाही. डॉक्टरांचा कागद दाखवला आणि आयरिनोटेकॅनवर बोट ठेवून सांगितले की हे नरक्यातूनच आलेले औषध आहे, साफ करून, मोजून, बाटलीत भरलेले. काकू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे बाजारातल्या माणसानं खोटं सांगितलं न्हवतं म्हण की.” मी म्हणालो, अर्धे खरे सांगितले. काकांनी विचारले, “मग दोन्ही घेतलं तर दुप्पट गुण येईल का?” त्यांना शुश्रूषाताईंच्या आजींची हकिगत सांगितली, सोड्याचेही सांगितले. काकांनी उसाला जास्त युरिया पडून पाने करपलेला आमचा ओढ्याकडचा तुकडा आठवला आणि ते स्वतःच म्हणाले की नको.

खरे सांगायचे तर काकूंना काढ्यापेक्षा आपण काहीतरी करतो आहोत ही जाणीव हवी होती. रोजची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी घेतले आहे. पेठेतली_सून यांच्या रेघांची कल्पना त्यांना फार आवडली. पोतडी मी घेऊन आलो आहे. पहिली फेरी मंगळवारी आहे, आणि शुश्रूषाताई, तिथल्या डॉक्टरांना मी पोतडीविषयी सर्व सांगणार आहे.

---

मातीतला_माणूस
शनिवार, रात्री १०.००

रंकाळाकाठ, काकांना लवकर आराम पडो. सोड्याचा आणि त्या कड्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. माझ्या पहिल्या प्रतिसादातले ‘तीच वस्तू’ हे शब्द मी मागे घेतो. दुसरा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. ज्या डोंगरातून ही झाडे गेली त्या गावांना या औषधाच्या कमाईतले काय मिळाले? देवराई, लागवड करायची तर माझी घाटाखालची दोन एकर पड जमीन आहे. बी कधी आणि कोठून मिळेल?

---

देवराई
शनिवार, रात्री १०.२५

घाटाखालची जमीन कितपत मानवेल याची शंका आहे; सावली आणि ओलावा हवा. आधी वन विभागाकडे चौकशी करून रीतसर रोपे मिळतात का ते पाहू, रानातून बी गोळा करायला जाऊ नका. मी सोमवारी त्या बाजूला जाणार आहे, जमीन पाहून सांगतो.

---

शुश्रूषा
शनिवार, रात्री १०.५०

दादा, डॉक्टरांना सर्व सांगण्याचा निर्णय अगदी योग्य आहे. पोतडीतले दोन-चार तुकडेही सोबत न्या. घरी थर्मामीटर असू द्या. ताप १००.४ किंवा त्याहून वर गेला तर सकाळची वाट न पाहता, रात्री कितीही वाजले असले तरी रुग्णालयात फोन करा. तो क्रमांक काकूंच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

---

रंकाळाकाठ
रविवार, सकाळी ७.४५

थर्मामीटर घेतला, क्रमांकही लिहिला. चुलतभाऊ सांगतो की नव्या पातेल्यात काकू आता काकांसाठी पिण्याचे पाणी उकळून ठेवतात.